दगडाचे वय शोधणारे बिरबल साहनी

नगरहून पाथर्डीला येताना करंजी घाट लागतो. रस्त्यासाठी तिथे डोंगर कापलेला आहे. त्या कापलेल्या बाजूकडे एकदा नीट पाहा. खडकाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, जणू कुणी जाड भाकरींची चवड रचून ठेवली आहे. हाच काळा दगड आपल्या घरात येतो. पाटा-वरवंटा त्याचाच, जुन्या घरातले जाते त्याचेच. विहिरीचे बांधकाम, वाड्याचा पाया, मशिदीच्या पायऱ्या, सगळीकडे तोच.

हा दगड किती वर्षांचा असेल? मी हा प्रश्न वर्गात विचारला, तेव्हा एका मुलाने शंभर वर्षे सांगितली, दुसऱ्याने हजार. एका मुलीचे म्हणणे होते की दगडाला वय नसतेच, तो पहिल्यापासून आहे. त्यांना हसण्याचे कारण नाही. याच दगडाच्या वयावरून मोठमोठे विद्वान शंभर वर्षे वाद घालत होते. त्या वादात ज्यांचे नाव सर्वांत ठळक आहे, त्या डॉ. बिरबल साहनी यांची ही हकिकत आहे.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव झेलम नदीच्या काठी असून आता पाकिस्तानात आहे. १४ नोव्हेंबर हा पंडित जवाहरलाल नेहरूंचाही जन्मदिवस. नेहरू साहनींपेक्षा दोन वर्षांनी मोठे. पुढे दोघेही इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात विज्ञान शिकले, आणि शेवटी या दोघांची एक भेट फार महत्त्वाची ठरली. ती यथावकाश येईल.

बिरबलचे वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. कॉलेजात शिकवून ते थांबत नसत. सामान्य माणसांना समजावे म्हणून ते पंजाबी भाषेत विज्ञानावर व्याख्याने देत. सुट्टी लागली की मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकायला जात. बर्फ, दऱ्या, नद्या, दगडधोंडे आणि झाडेझुडपे यांची ओळख बिरबलला पुस्तकाआधी पायांनी झाली.

भेऱ्यापासून जवळच मिठाचे डोंगर आहेत. तिथल्या खेवड्याच्या खाणीतून गुलाबी दगडी मीठ निघते. आपण त्याला सैंधव म्हणतो, उर्दूत त्याला लाहोरी नमक म्हणतात. हे मिठाचे डोंगर लक्षात ठेवा. साहनींच्या आयुष्यात ते पुन्हा येणार आहेत, आणि त्यांनी साहनींना चांगलेच चकवले.

बिरबल लाहोरला शिकले आणि १९११ मध्ये पदवीधर झाले. मुलाने मोठा सरकारी अधिकारी व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळी त्यासारखा मान दुसऱ्या कशाला नव्हता. बिरबलला मात्र वनस्पतींचा अभ्यास करायचा होता. त्याने वडिलांना अदबीने सांगितले, की आज्ञा असेल तर मी जाईन, पण मन विचाराल तर ते झाडांत आहे. वडिलांनी आज्ञा केली नाही. त्याच वर्षी बिरबल केंब्रिजला गेले.

तिथे त्यांना प्राध्यापक सिवर्ड हे गुरू मिळाले. सिवर्ड हे जीवाश्म वनस्पतींचे जाणकार होते. जीवाश्म म्हणजे दगड झालेला जीव. एखादे झाड पडते, चिखलात गाडले जाते. जमिनीतल्या पाण्यात गारगोटीचा अंश विरघळलेला असतो. ते पाणी लाकडात मुरते आणि लाकडाच्या कणाकणाची जागा हळूहळू गारगोटी घेते. झाड जाते, पण त्याची घडण दगडात तशीच राहते. त्या दगडाचा अत्यंत पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर लाकडाच्या पेशीसुद्धा मोजता येतात.

साहनींचा पहिला शोधनिबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिंको नावाच्या झाडाच्या बीजांडात त्यांना दुसऱ्याच झाडांचे परागकण सापडले होते. वाऱ्याने उडून ते आत शिरले होते. त्यावरून तरुण साहनींनी इशारा दिला, की जीवाश्म बीजांडात जे परागकण सापडतात, ते त्याच झाडाचे असतील असे धरून चालू नका. कोण घरचा आणि कोण पाहुणा, हे आधी ओळखा. इशारा अगदी योग्य होता. तो पुढे त्यांनाच लागू पडला.

१९१९ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी घेऊन ते मायदेशी परतले. १९२० मध्ये सावित्री सुरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवून १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. मग लखनौ सोडले नाही. ते अंगावर खादी घालत. शिकवण्यात अतिशय व्यवस्थितपणा असे. राजमहालच्या टेकड्यांत मिळालेले पानांचे, खोडांचे आणि फुलांचे सुटे तुकडे जुळवून त्यांनी नष्ट झालेली संपूर्ण झाडे चित्रात उभी केली. १९३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या एका टेकाडावर त्यांना मातीचे जुने साचे मिळाले. ते प्राचीन काळी नाणी पाडण्याचे साचे निघाले, आणि साहनींनी त्यांवरही एक ग्रंथ लिहिला. झाड असो की नाणे, तुकड्यावरून पूर्ण वस्तू ओळखायची हा त्यांचा छंदच होता.

आता आपण त्यांच्या मुख्य कामाकडे येऊ. त्यासाठी दगडाचे वय कसे काढतात, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना वय विचारा. पुष्कळांना जन्मसाल ठाऊक नसते. पण आपण थोरल्या भावापेक्षा किती लहान, आपल्या मुलाचा जन्म १९७२ च्या दुष्काळाआधीचा की नंतरचा, हे ते बरोबर सांगतात. म्हणजे वर्षांचा आकडा नसला तरी क्रम पक्का असतो. दगडांचेही असेच आहे. त्यांचे वय दोन प्रकारांनी सांगतात. थोरला कोण आणि धाकटा कोण, हे सांगणे म्हणजे सापेक्ष वय. जन्माला किती वर्षे झाली, हे आकड्यात सांगणे म्हणजे निरपेक्ष वय. पहिला प्रकार म्हाताऱ्यांच्या आठवणीसारखा, दुसरा जन्माच्या दाखल्यासारखा.

क्रम लावण्याचा पहिला नियम अगदी साधा आहे. थर उलटेपालटे झाले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. भाकरींच्या चवडीत तळाची भाकरी आधी भाजलेली असते, तसेच हे. दुसरा नियम असा, की एखादी दगडाची भिंत जर दुसऱ्या थरांना चिरून वर गेली असेल, तर ती भिंत त्या थरांपेक्षा धाकटी. जो आधी आहे, त्यालाच चिरता येते. जमिनीकडे अशा नजरेने पाहणारी माणसे फार पूर्वीही होती. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही अल्-बिरूनीचे नाव वाचले आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानविषयी लिहिताना त्याने नोंदवले, की डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे असतात, पुढे ते लहान होत जातात आणि समुद्राजवळ नुसती वाळू उरते. त्यावरून त्याने ओळखले, की उत्तरेकडचे हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांच्या गाळाने ते भरून आले असावे.

पण करंजीचा थर आणि नागपूरचा थर यांत थोरला कोणता? ते काही एकावर एक नाहीत. इथे जीवाश्म मदतीला येतात. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी विल्यम स्मिथ नावाचा माणूस इंग्लंडमध्ये कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करत असे. खोदकाम पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले, की प्रत्येक थरात ठरावीक प्रकारचेच शंखशिंपले असतात आणि त्यांचा क्रम गावोगाव सारखाच राहतो. म्हणजे दोन दूरच्या थरांत एकाच प्रकारचे जीवाश्म असतील, तर ते थर साधारण एका काळाचे. साहनींनी आयुष्यभर हीच पद्धत वापरली. वनस्पतींचे जीवाश्म हे त्यांचे पंचांग होते.

आपला काळा दगड मात्र अवघड. तो शिलारसापासून झालेला आहे. जमिनीला भेगा पडून तप्त शिलारस वर आला, पसरला आणि थिजला. काही काळाने त्यावर दुसरा लोंढा आला, मग तिसरा. असे होत होत आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने झाकलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. धगधगत्या शिलारसात जीव कुठून राहणार? म्हणून या दगडात जीवाश्म नाहीत.

पण दोन लोंढ्यांच्या मध्ये पुष्कळदा बराच काळ जाई. तेवढ्यात थिजलेल्या दगडावर माती तयार होई, खोलगट जागी तळी साचत, काठाने झाडे उगवत, पाण्यात गोगलगायी वाढत. मग पुन्हा शिलारस येऊन हे सगळे गाडून टाकी. त्या तळ्यांतला गाळ आजही दोन काळ्या थरांच्या मध्ये सापडतो. नागपूरला राहणारे स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूरजवळच्या टाकळी येथे अशा गाळातून गोगलगायींचे शंख आणि वनस्पती गोळा केल्या होत्या. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज यांच्याच नावाचे आहे. या मधल्या थरातल्या जीवाश्मांचे वय ठरले, की वरच्या-खालच्या काळ्या दगडाचेही ठरणार होते.

वाद असा होता. जबलपूरला याच काळ्या दगडाच्या खाली एक जुना थर आहे आणि त्यात डायनोसॉरची हाडे सापडतात. तेव्हा काळा दगड त्या हाडांनंतरचा, हे उघड. पण किती नंतरचा? डायनोसॉर पृथ्वीवर वावरत असतानाच हा शिलारस आला, असे काही विद्वान म्हणत. दुसरे म्हणत, की नाही, डायनोसॉर संपले, नवे युग सुरू झाले, आणि त्यानंतर तो आला. प्रश्न नुसत्या एका दगडाचा नव्हता. अर्ध्या हिंदुस्थानाचा भूगोल कधी घडला, याचा तो प्रश्न होता.

साहनींनी १९३४ मध्ये हा प्रश्न उघडपणे मांडला. पुराव्यासाठी त्यांची नजर गेली ती महाराष्ट्राच्या सीमेलगत, छिंदवाडा भागाकडे. त्यातल्या सौंसर परिसरात आजही घराघरांत मराठी बोलतात. तिथल्या शेतांत आणि ओढ्यांत गारगोटी झालेली लाकडे, बिया आणि फळे मिळत. लखनौला आणलेले दगड कापून, घासून, काचेवर चिकटवून पाहिले जात. त्यांत ताडाच्या जातीची झाडे भरपूर निघाली. मोहगाव कलान येथे निपा नावाच्या ताडाचे फळ मिळाले होते. निपा समुद्राच्या खाडीत, खाऱ्या चिखलात वाढतो. म्हणजे त्या काळी छिंदवाड्याच्या आसपास समुद्राची खाडी आली असावी! सौंसरच्या दगडात अझोला ही पाण्यावर तरंगणारी नेचाची जातही सापडली. हल्ली आपल्याकडे काही शेतकरी गाईम्हशींना चारा म्हणून हीच अझोला हौदात वाढवतात.

साहनींचा विचार असा होता. निपाची अशीच फळे लंडनच्या चिकणमातीत भरपूर मिळतात आणि ती माती डायनोसॉर संपल्यानंतरची आहे. अझोलाचे जीवाश्मही तोपर्यंत नव्या युगाच्याच थरांतून माहीत होते. म्हणून आपला काळा दगडही नव्या युगाचा. जानेवारी १९४० मध्ये मद्रासला भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले. साहनी अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी हाच विषय निवडला आणि आपले मत ठामपणे मांडले. सगळे पटले असे नाही, पण त्यांच्या पुराव्याकडे दुर्लक्ष करणे कुणालाही शक्य नव्हते.

याच सुमारास मिठाचे डोंगर पुन्हा त्यांच्या वाटेत आले. खेवड्याच्या मिठावर जे खडक आहेत, ते अतिप्राचीन आहेत. त्यांत समुद्रातील फार जुन्या प्राण्यांचे जीवाश्म आहेत. खालचा थर आधीचा या नियमाने मीठ त्याहून जुने असायला हवे. पण साहनींनी मीठ पाण्यात विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात लाकडाचे बारीक कण आणि कीटकांचे अवशेष दिसले. इतक्या प्राचीन काळी जमिनीवर झाडे नव्हती आणि कीटकही नव्हते. म्हणून मीठ धाकटे आहे आणि डोंगर सरकताना जुने खडक त्याच्यावर ढकलले गेले आहेत, असे त्यांचे मत झाले. हा तर्क वेडगळ नव्हता. डोंगर तयार होताना जुना थर नव्यावर चढतो, अशी उदाहरणे जगात आहेत. या एका प्रश्नावर १९४० नंतर विद्वानांच्या खास सभा भरल्या.

आज शास्त्रज्ञ मानतात, की साहनी इथे चुकले. ते मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने आहे. मग लाकडाचे कण आले कुठून? मीठ विरघळते, पुन्हा गोठते, त्याला भेगा पडतात, आणि भेगांतून बाहेरचे बारीक कण आत शिरतात. गिंकोच्या बीजांडातले पाहुणे ज्यांनी विद्यार्थिदशेत ओळखले, त्यांना मिठातले पाहुणे ओळखता आले नाहीत. मला साहनींच्या चरित्रातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. आपण मोठ्या माणसांच्या फक्त यशाच्या गोष्टी सांगतो. पण एवढ्या सावध माणसालाही दगड फसवू शकतो, हे कळल्यावर त्या कामाची अवघड बाजू दिसते.

साहनींचे एक स्वप्न होते. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासासाठी भारतात स्वतंत्र संस्था असावी. १९४६ मध्ये त्यांनी तिची सुरुवात केली. आपली पुस्तके आणि आयुष्यभर जमवलेले जीवाश्म तिला देऊन टाकले. इमारतीसाठी लखनौलाच जागा मिळाली. पायाचा दगड त्यांनी स्वतः तयार करवला, आणि तो दगड पाहण्यासारखा आहे. सिमेंटच्या ठोकळ्यात त्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतले आणि निरनिराळ्या युगांतले जीवाश्म बसवले. घाटात जे थर एकावर एक उभे असतात, त्यांतली युगे इथे एकाच ठोकळ्यात शेजारी शेजारी आली.

३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते ती कोनशिला बसवली गेली. हीच ती मघाशी सांगितलेली भेट. त्यानंतर अवघ्या एका आठवड्याने, १० एप्रिल १९४९ रोजी, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. ते ५७ वर्षांचे होते. इमारतीच्या भिंतीसुद्धा अजून उभ्या राहिल्या नव्हत्या. सावित्रीबाईंनी दुःख बाजूला ठेवले आणि संस्थेचा कारभार हाती घेतला. जानेवारी १९५३ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले, तेही नेहरूंच्याच हस्ते. साहनींची समाधी त्या आवारातच आहे.

काळ्या दगडाचा वाद मात्र त्यांच्या मागे चालूच राहिला. तो क्रमाने सुटणार नव्हता. त्याला घड्याळ हवे होते, आणि तसे घड्याळ दगडाच्या पोटातच होते.

काही पदार्थांचे अणू आपोआप बदलत असतात. त्यांना किरणोत्सारी अणू म्हणतात. पोटॅशियम हे मूलद्रव्य आपल्या काळ्या दगडात थोडे असते. त्याच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सारी असतो. अशा अणूंपैकी निम्मे बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. या वेगावर ऊन, पाऊस, उष्णता कशाचाच परिणाम होत नाही. त्यांतले काही अणू बदलून आरगॉन नावाचा वायू तयार होतो. शिलारस पातळ आणि तप्त असतो तोवर हा वायू निसटून जातो. शिलारस थिजला, की नव्याने तयार होणारा आरगॉन आत कोंडला जातो. तिथून घड्याळ सुरू. दगडात पोटॅशियम किती उरले आणि आरगॉन किती साठला हे मोजले, की दगड थिजून किती वर्षे झाली याचे गणित मांडता येते. पोटॅशियमच्या खनिजांत असा आरगॉन साठतो, हे आल्ड्रिच आणि नीर या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. साहनींच्या मृत्यूला तेव्हा एकच वर्ष उरले होते.

हे घड्याळही भोळेपणाने वाचून चालत नाही. दगडात पाणी मुरून तो कुजू लागला, की आरगॉन निसटतो आणि वय खोटेच कमी दिसते. म्हणून मुरमाला वय विचारण्यात अर्थ नाही. आतला घट्ट, ताजा दगडच घ्यावा लागतो. आपल्या काळ्या दगडाच्या पहिल्या मोजण्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, त्याचे एक कारण हेच.

दरम्यान जीवाश्मांकडूनही नवी बातमी आली, आणि ती साहनींच्या घरातूनच आली. त्यांचे भाऊ एम. आर. साहनी हेही जीवाश्मांचे अभ्यासक होते. त्यांचे चिरंजीव अशोक साहनी यांनी सहकाऱ्यांसह १९८० नंतरच्या दशकात काळ्या थरांमधल्या गाळाचा बारकाईने शोध घेतला. त्या गाळात डायनोसॉरचे अवशेष निघाले. म्हणजे शिलारसाचे लोंढे सुरू झाले, तेव्हा डायनोसॉर जिवंत होते! काकांनी झाडांवरून जे ठरवले, ते पुतण्याने प्राण्यांवरून दुरुस्त केले. झाडांनी फसवले कसे, तेही पुढे उलगडले. अझोला आणि निपा दोन्ही डायनोसॉरच्या शेवटच्या काळातही होते, हे इतर ठिकाणच्या जीवाश्मांवरून कळले. साहनींच्या वेळी तो पुरावा कुणाजवळच नव्हता.

नंतर घड्याळे अधिक बारीक झाली. काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी असते. आपल्याकडच्या घाटांतून जाताना ती पुष्कळांनी पाहिली असेल. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात दगड कुजून ही माती झाली. तिच्यात कधी कधी ज्वालामुखीच्या राखेतून आलेले झिरकॉनचे स्फटिक मिळतात, वाळूच्या कणाएवढे. झिरकॉनमध्ये युरेनियम असते आणि त्याचे हळूहळू शिसे होते. हे घड्याळ फार विश्वासाचे आहे. २०१५ पासून अमेरिकेतील आणि भारतातील शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या लाल पट्ट्यांतून असे स्फटिक वेचून त्यांचे वय मोजले. दुसऱ्या गटांनी आरगॉनच्या सुधारलेल्या पद्धतीने दगडच मोजला.

उत्तर आले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. बहुतेक सगळा शिलारस दहा लाख वर्षांहूनही कमी काळात बाहेर पडला. आणि डायनोसॉर संपले तो काळही ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचाच. जुने युग संपून नवे सुरू होण्याची सीमा या काळ्या थरांच्या मधूनच जाते. काही लोंढे त्या सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. हा शिलारस जुन्या युगातला म्हणणारे आणि नव्या युगातला म्हणणारे साहनी एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते.

सीमेच्या आधी किती दगड ओतला गेला आणि नंतर किती, यावर शास्त्रज्ञांची अजून चर्चा चालू आहे. साहनींच्या संस्थेचे नाव आता बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था असे आहे. झाडांच्या जीवाश्मांबरोबर तिथे जुन्या हवामानाचा आणि काळ मोजण्याच्या पद्धतींचाही अभ्यास होतो. देशभरातून दगडांचे, मातीचे आणि लाकडाचे नमुने तिथे येतात. प्रत्येक नमुन्यावर तो कुठल्या गावाहून आणि कितव्या थरातून आला, याची चिठ्ठी लावलेली असते.